फोन पालथा ठेवा, मग सुरू करा!



मागच्या आठवड्यात मी जादूच्या चौरसांचं कबूल केलं होतं, आठवतंय ना? ते चौरस अजून एक आठवडा थांबतील. कारण एक पत्र आलंय. चांगलं निळ्या आंतरदेशीय पत्रावर, बारीक अक्षरात, घडीच्या कडेपर्यंत भरलेलं. लिहिणारी मुलगी यंदा दहावीत गेली आहे. नाव छापू नका म्हणते, म्हणून छापत नाही. गावाचंही नाही.

ती लिहिते, "बाई, आमच्या घरी एक दादा आले होते. त्यांनी टॅबवर व्हिडिओ दाखवला. त्यात पृथ्वी इतकी छान फिरत होती की माझा लहान भाऊ तिला हात लावायला गेला. मग त्यांनी माझी चाचणी घेतली, दहा प्रश्नांची. मला चार आले. ते बाबांना म्हणाले, मुलीचा पाया कच्चा आहे, आत्ताच काही केलं नाही तर पुढं अवघड आहे. कोर्स महाग आहे, पण हप्ते पाडून देतात. आईनं नव्या शिलाई मशीनसाठी पैसे साठवलेत, ते पहिल्या हप्त्याला देऊ म्हणते. मला कोर्स हवा पण आहे आणि नको पण आहे. मैत्रिणीच्या फोनवर मी असले व्हिडिओ बघते तेव्हा सगळं समजतं. पण पेपर समोर आला की डोकं कोरं! मग कोर्स घेऊन उपयोग होईल का?"

हे पत्र मी तीनदा वाचलं. दहावीतल्या मुलीनं जो प्रश्न विचारलाय ना, तो पावतीवर सही करताना भल्याभल्या मोठ्या माणसांना सुचत नाही. बघताना समजतं आणि लिहिताना आठवत नाही! तुमच्यापैकी कितीजणांचं असं होतं? हात वर करा बघू. माझाही वर आहे, कारण मी अजूनही टीव्हीवर बघून पुरणपोळी करायला घेते आणि पुरण पाटावर सांडतं.

तर आज ऑनलाइन मिळणाऱ्या परीक्षेच्या तयारीच्या सामानाबद्दल बोलू. हे सामान मी स्वतः तयार करून मुलांना पाठवलेलं आहे, त्यामुळे आधी माझीच फजिती सांगते.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मी भोर तालुक्यातल्या एका शाळेत गणित शिकवत होते. तोवर माझा फोन फक्त फोन करायला होता. जुलैमध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झालं, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. लहानांची सोय झाली. पण माझी दहावीची पोरं? मीही पदर खोचला. डब्यांच्या उतरंडीला फोन टेकवला, भिंतीला फळा लावला आणि अंकगणिती श्रेढीवर चाळीस मिनिटांचा व्हिडिओ केला. तीन दिवस लागले. मधेच कुकरची शिट्टी झाली, तीही त्यात आहे. व्हिडिओ वर्गाच्या ग्रुपवर टाकला आणि पटापट अंगठे आले. "बाई, मस्त!" "बाई, सगळं समजलं!" मी घरभर मिरवले.

दुसऱ्या दिवशी त्यावरचे पाच प्रश्न पाठवले. ग्रुपवर शुकशुकाट. तीसेक मुलांमधून सहाजणांची उत्तरं आली आणि त्यातलीही बरीचशी चुकलेली. म्हणजे समजलं होतं ते मला. मुलांनी मला समजताना पाहिलं होतं!

याच वर्गात एक मुलगी होती. ग्रुपवर तिचा नंबर होता, पण ती कधी दिसायची नाही. मला वाटलं, टाळाटाळ करते. एका रात्री साडेनवाला तिचा फोन आला. घरात फोन एकच, तो बाबांचा. बाबा दुधाच्या गाडीवर. पहाटे चारला फोन खिशात टाकून जायचे आणि रात्री नऊला यायचे. जेवणं होईपर्यंत पंधरा मिनिटं फोन तिच्या हातात. तेवढ्यात माझा व्हिडिओ निम्मासुद्धा उतरायचा नाही. ती म्हणाली, "बाई, व्हिडिओ नको. नुसते प्रश्न लिहून पाठवा ना. मी वहीत उतरवून घेते आणि फोन बाबांना देऊन टाकते."

खरं सांगते, मला जरा राग आला. तीन दिवस खपून केलेला व्हिडिओ नको म्हणते! पण पाठवले प्रश्न. दुसऱ्या रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी वहीच्या पानाचे फोटो आले. पाचही प्रश्न सोडवलेले. त्यातला एक असा होता: ५, ८, ११, १४... या श्रेढीच्या पहिल्या २० पदांची बेरीज काढा. तिनं उत्तर लिहिलं होतं ६२.

६२ हे उत्तर चूक आहे. पण नीट बघा. पहिलं पद ५, दर वेळी ३ ची भर. विसावं पद काढायचं तर ५ मध्ये १९ वेळा ३ मिळवायचे, म्हणजे ५ अधिक ५७, झाले ६२. म्हणजे तिनं विसावं पद अगदी बरोबर काढलं होतं! बेरीज काढायची राहिली होती. पहिलं पद ५, शेवटचं ६२, दोन्ही मिळून ६७, अशा १० जोड्या, बेरीज ६७०. ती मुलगी निम्म्याहून जास्त वाट चालून आली होती आणि 'बेरीज' हा शब्द वाचायला विसरली होती. मी तिला एवढंच लिहिलं, "प्रश्न मोठ्यानं वाच." तिसऱ्या रात्री ६७० आलं, खाली लिहिलं होतं, "अरेच्चा!"

ते 'अरेच्चा' माझ्या चाळीस मिनिटांच्या व्हिडिओतून एकाही मुलाला मिळालं नव्हतं.

मग मी पद्धतच बदलली. रोज रात्री पाच प्रश्न, साध्या अक्षरात. चित्र नाही, आवाज नाही, त्यामुळे डेटाही नाममात्र. उत्तर लगेच द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी अडलेल्यांना एक इशारा. सगळं सोडवून दाखवायचं ते तिसऱ्या दिवशी, तेही ज्यांनी वहीचा फोटो पाठवला त्यांनाच. पोरं आधी कुरकुरली. "बाई, उत्तर टाका ना!" दिवाळीपर्यंत कुरकुर थांबली.

आता तुम्हाला पडद्यामागची एक गंमत सांगते. प्रश्न तयार करणं हे उत्तर देण्यापेक्षा अवघड काम आहे, विशेषतः चार पर्यायांचे प्रश्न. पाचवी-सहावीतल्या दोस्तांनाही जमेल असं उदाहरण घेऊ. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश किती? पर्याय चार: २/५, १/६, ५/६ आणि २/६.

बरोबर उत्तर ५/६. ते कुणीही लिहील. बाकीचे तीन मी उगीच हवेतून घेतलेत असं वाटतं का? २/५ निवडलं, तर मला कळतं की तुम्ही वरचे अंक वर मिळवले आणि खालचे खाली. १/६ निवडलं, तर बेरजेऐवजी गुणाकार झाला. २/६ निवडलं, तर छेद ६ करायचा हे माहीत आहे, पण अंश बदलायचे राहिले. म्हणजे प्रत्येक चुकीचं उत्तर हे एकेक दार आहे. तुम्ही कुठल्या दारातून आत शिरलात त्यावरून मला कळतं, तुमची वाट कुठं चुकली. असा पेपर तयार करायला मला कधीकधी दोन दिवस लागतात. आणि ज्या पेपरात चुकीचे पर्याय १०३, ४५०, ७ असे कसेही भरलेले असतात, तो पेपर तुम्हाला फक्त 'चूक' म्हणतो आणि गप्प बसतो.

आता पत्रातली ती दहा प्रश्नांची चाचणी आठवा. दहापैकी चार बरोबर. ठीक. पण उरलेले सहा कुठं चुकले, ते त्या दादांनी दाखवलं का गं? पत्रात तरी तसं काही नाही. 'पाया कच्चा' एवढंच. डॉक्टरांनी तपासून "तब्येत बरी नाही" एवढं सांगितलं आणि बिल हातात दिलं, तर आपण काय म्हणू?

ऑनलाइन शिकवण्याची एक प्रसिद्ध गोष्ट तुम्ही कदाचित ऐकली असेल. अमेरिकेत सलमान खान नावाचे एक गृहस्थ आहेत. (नाही नाही, ते नव्हेत! हे गणितवाले.) २००४ मध्ये त्यांच्या नात्यातली एक सातवीतली मुलगी शाळेच्या चाचणीत मापांच्या रूपांतरावर अडली होती. ती राहायची न्यू ऑर्लिन्सला आणि हे बॉस्टनला. त्यांनी तिला फोनवरून शिकवायला सुरुवात केली. मग तिचे भाऊ आले, आणखी नातेवाइकांची मुलं आली. त्यांचे व्हिडिओ आज जगभर बघितले जातात आणि त्यांची 'खान अकादमी' ही संस्था फी घेत नाही. पण यात एक गोष्ट लोक सांगायची विसरतात. व्हिडिओ आले २००६ मध्ये. त्याच्याआधी त्यांनी त्या भावंडांसाठी काय केलं होतं, माहीत आहे? सरावाचे प्रश्न देणारा एक छोटासा संगणक प्रोग्रॅम! कोण कुठं चुकलं ते त्यात दिसायचं. म्हणजे तिथंही आधी प्रश्न आले आणि मागून व्हिडिओ.

"पण बाई, पुन्हा पुन्हा बघितलं की पाठ होतंच ना?" असं म्हणणारे माझ्या वर्गातही होते. त्यांच्यासाठी एक प्रयोग सांगते. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातले रोडिगर आणि कार्पिकी हे दोन मानसशास्त्रज्ञ. त्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. एक उतारा त्यांनी वाचला आणि परत वाचला. दुसरा एकदा वाचला, मग तो बाजूला ठेवून आठवेल तेवढा कागदावर लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा दोनदा वाचलेला उतारा पुढे होता. तो ८१ टक्के आठवला, लिहून बघितलेला ७५ टक्के.  पण आठवड्यानंतर परीक्षा घेतली, तेव्हा उलटं झालं. दोनदा वाचलेला उतारा आठवला ४२ टक्के आणि न बघता लिहून पाहिलेला ५६ टक्के.

बोर्डाची परीक्षा काही वाचल्यावर पाच मिनिटांनी नसते. आणि फसगत नेमकी इथंच होते बघा. व्हिडिओ संपल्यावर जे "हां, आलं!" असं वाटतं, ते त्या पाच मिनिटांतलं असतं. ते खोटं नसतं, पण टिकत नाही. आठवून लिहिताना त्रास होतो, खाडाखोड होते, रडू येतं, म्हणून ते आपण टाळतो. खरं तर त्या त्रासातच ते डोक्यात बसत असतं.

आता कुणी म्हणेल, बाई व्हिडिओंवर दात धरून बसल्यात. तसं नाही. हृदयाच्या झडपा कशा उघडझाप करतात, ज्वालामुखी कसा उसळतो, भूमितीत कंपास कुठं टेकवायचा, हे फळ्यावर दाखवताना माझीही पंचाईत व्हायची. तिथं दोन-चार मिनिटांचं चांगलं चलच्चित्र पानभर मजकुरापेक्षा भारी. पण बघून झालं की फोन पालथा. आणि मग कोऱ्या कागदावर आकृती.

बरं, हे सामान मिळतं कुठं? बरंचसं तर तुमच्या दप्तरातच आहे. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकात तो काळा-पांढरा चौकोन असतो ना, क्यूआर कोड? तो 'दीक्षा' या सरकारी ॲपवरून वाचला की पहिल्या पानावरच्या कोडातून अख्खं डिजिटल पुस्तक मिळतं आणि पाठातल्या कोडातून त्या पाठाचं साहित्य. दीक्षा २०१७ पासून आहे, फुकट आहे, आणि साहित्य एकदा उतरवून घेतलं की नंतर इंटरनेट नसतानाही बघता येतं. म्हणजे गावात ज्या वळणावर रेंज येते तिथं उतरवायचं आणि घरी येऊन बघायचं. पुस्तकाला क्यूआर कोड जोडायची ही कल्पना आपल्याकडे कुणी रुजवली, ठाऊक आहे का? सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी. २०२० मध्ये त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळालं, दहा लाख डॉलरचं. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांना वाटून टाकली!

बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून पीडीएफच्या रूपात फुकट मिळतात. मोठ्या भावाचं फाटकं पुस्तक वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, शेवटची पानं तिथं सापडतील. पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं २०२१ मध्ये दहावी-बारावीसाठी विषयवार प्रश्नपेढ्या काढल्या होत्या. अकरावी-बारावीच्या ताई-दादांना इंजिनिअरिंग किंवा मेडिकलच्या प्रवेश परीक्षा द्यायच्या असतील, तर कानपूरच्या आयआयटीनं केंद्र सरकारसाठी केलेला 'साथी' हा मंच आहे, २०२३ पासून, तोही फुकट. आणि मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका तर तुमच्या शाळेतच गठ्ठा बांधून ठेवलेल्या असतात. सरांकडे मागायला लाजू नका. मुलं प्रश्नपत्रिका मागायला आली की आम्हा शिक्षकांना किती बरं वाटतं, तुम्हाला कल्पना नाही!

एक सामान मात्र चुकूनही घेऊ नका. परीक्षेच्या आदल्या रात्री "उद्याचा पेपर, फक्त अमुक रुपयांत" असे निरोप फिरतात. बहुतेक वेळा ती शुद्ध लबाडी असते. आणि क्वचित खरं निघालं, तर तो गुन्हा आहे. तो घेणारी मुलं मग रात्रभर जे वाचायचं ते सोडून भलतंच वाचत बसतात.

आता पालकहो, जरा इकडे या. मुलांनो, तुम्हीही ऐकलंत तरी चालेल.

पैसे घेऊन शिकवणारं सगळंच वाईट, असं मी म्हणणार नाही. ज्या शाळेत गणिताची जागाच रिकामी आहे, तिथल्या मुलीला समोर बसून शंका फेडणारं माणूस पडद्यावर का होईना मिळालं, तर ते पैसे सत्कारणी लागले. पण घ्यायच्या आधी विचारा: माझ्या मुलीनं लिहिलेलं उत्तर कुणीतरी माणूस वाचणार आहे का? चुकलं तर कुठं चुकलं ते सांगणार आहे का, की नुसते गुण दाखवणार? सगळं मराठीत आहे का, आमच्या बोर्डाच्या पेपरसारखं आहे का? पटलं नाही तर पैसे परत कधी आणि कसे, हे कागदावर दाखवा. "व्हिडिओ किती आहेत" हा प्रश्न अगदी शेवटी विचारा. नाही विचारलात तरी चालेल, ते स्वतःहूनच सांगतात.

हप्त्यांचं तर नीटच समजून घ्या. 'हप्ते पाडून देतो' म्हणजे पुष्कळदा कंपनी तुम्हाला थांबून पैसे देण्याची सवलत देत नसते. एखादी वित्तसंस्था तुमच्या नावावर कर्ज काढून कंपनीचे पैसे चुकते करते आणि तुम्ही त्या कर्जाचे हप्ते भरत बसता. मुलीनं दुसऱ्या महिन्यात टॅब कपाटात ठेवला, तरी हप्ता चालूच. २०२१ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयानंच पालकांना सावध केलं होतं: खात्यातून आपोआप पैसे कापून घेण्याची परवानगी देऊ नका, अटी वाचल्याशिवाय मान डोलवू नका, 'फुकट' म्हणून जे सांगतात ते तपासा, यशाच्या कहाण्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. माझ्या ओळखीच्या एका घरात हे झालंय. टॅबवर आता धाकटा गाणी ऐकतो आणि हप्ता मात्र अजून फिटायचाय. आणि मुलीसमोर तिचा पाया कच्चा आहे असं परक्या माणसानं म्हटलं, तर तिथल्या तिथं पावतीवर सही करू नका. त्याला चहा पाजा आणि आठवड्यानं या म्हणावं.

बरं, पत्रवाल्या मुली, आता फक्त तुझ्याशी.

पहिले पंधरा दिवस असं करून बघ. मैत्रिणीच्या फोनवर एक विषय, एकच, दहा मिनिटांत बघायचा. मग फोन तिला परत. तुझ्या घरी येऊन, न बघता, आठवेल ते एका पानावर लिही. पान अर्धंच भरेल, घाबरू नकोस. मग पुस्तक उघड आणि जे राहिलं ते दुसऱ्या रंगाच्या पेनानं भर. तोच विषय तीन दिवसांनी पुन्हा कोऱ्या पानावर, आणि आठवड्यानं परत एकदा. दुसऱ्या रंगाचं कमी कमी होत जातं, ते बघायला फार मजा येते.

रविवारी सकाळी एक जुना बीजगणिताचा पेपर घे. ४० गुण, दोन तास, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. घड्याळ समोर ठेव आणि दोन तास उठू नकोस. भावाला सांग, दारात पहारा दे, त्याला ते काम आवडेल. एखादं गणित दोन गुणांचं असून त्यात दहा मिनिटं गेली, तर ते सोडून पुढे जायचं. हे सोडून पुढे जाणं कुठलाच व्हिडिओ शिकवत नाही, ते पेपर सोडवतानाच जमतं. तपासताना 'चूक' असं लिहून थांबू नकोस. एक शंभर पानी वही कर. त्यात चुकलेलं गणित आणि शेजारी एका ओळीत कारण: 'प्रश्न नीट वाचला नाही', 'वजाचं चिन्ह हरवलं', 'सूत्रच माहीत नव्हतं'. ही तिन्ही कारणं वेगळी आहेत आणि तिघांवरचे उपायही वेगळे. सूत्रच माहीत नसेल, तर तो पाठ पुन्हा शिकावा लागेल. वजाचं चिन्ह हरवत असेल, तर कुठल्याही कोर्समध्ये ते सापडणार नाही!

पंधरा दिवसांनी त्या वहीत काय दिसतं ते मला कळव. 'सूत्रच माहीत नव्हतं' याच ओळी जास्त असतील, तर आईबाबांबरोबर शाळेत जा, सरांना वही दाखव आणि जादा तासाचं विचार. तरीही शिकवणारं कुणी मिळालं नाही, तर त्या दादांना बोलवा आणि मी वर लिहिलेले प्रश्न विचारा. तोवर मशीनचे पैसे आईकडेच राहू देत.

अरे हो, त्या दुधाच्या गाडीवाल्यांच्या मुलीचं पुढं काय झालं, ते सांगायचं राहिलंच. तिनं वर्षभर रोज पाच प्रश्न सोडवले. आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये दहावीची परीक्षाच रद्द झाली! निकाल शाळेतल्या गुणांवरून लागला. बाकीची मुलं नाचली आणि ही रुसली. करोना ओसरल्यावर एका सकाळी दत्त म्हणून शाळेच्या ओट्यावर हजर. "बाई, मला खरा पेपर द्या. वेळ लावून." मी गठ्ठ्यातला एक जुना पेपर काढून दिला. बाहेर पाऊस, ओट्यावर ती आणि मी, आणि कोपऱ्यात शाळेचं मांजर. दोन तासांना दहा मिनिटं कमी असताना तिनं पेन खाली ठेवलं. गुण किती पडले ते सांगू नका म्हणालीय, म्हणून तेही छापत नाही. पण मी पेपर तपासत असताना ती मांजराशी निवांत खेळत होती, एवढं सांगते.

पत्राच्या पार शेवटी, पत्ता लिहायच्या जागेच्या वर, तू आणखी एक बारीकसा प्रश्न विचारला आहेस: सराव पेनानं करू की पेन्सिलीनं? आकृत्या पेन्सिलीनं. बाकी सगळं पेनानं, आणि खोडरबर दप्तरातच राहू दे. चुकलेलं दिसलं पाहिजे.

जादूचे चौरस पुढच्या आठवड्यात. नक्की!

तुमची,
गणिताच्या बाई